पेशींतला दफ्तरखाना

समितीच्या पत्राची सुरुवात अभिनंदनाने होत होती. आपल्या रक्तातील विषाणूवर आज उपलब्ध असलेली सर्व औषधे परिणामकारक ठरतील असे तपासणीत आढळले असून ही आनंदाची बाब आहे; त्यामुळे, ज्यांच्या विषाणूवर कोणतेच औषध चालत नाही अशा रुग्णांसाठी योजलेल्या नव्या औषधाच्या चाचणीत आपला समावेश करता येत नाही, याबद्दल क्षमस्व. आनंद आणि क्षमायाचना एकाच वाक्यात, मध्ये केवळ एक अर्धविराम. जुन्या ग्रंथांचे पाठ शोधण्यात मी तीस वर्षे घालवली आहेत आणि नाना प्रकारचे क्रूर गद्य वाचले आहे. परंतु एखाद्याचे मरण इतक्या सभ्यपणे लिफाफ्यात घालून पाठवल्याचे उदाहरण माझ्या पाहण्यात नव्हते.

पत्र माझ्या धाकट्या भावाच्या नावाने आले होते. तो लिफ्टचा मेकॅनिक आहे. वय अठ्ठेचाळीस. गेली एकवीस वर्षे त्याच्या अंगात एचआयव्ही आहे. तो कसा झाला, हा प्रश्न मला आजवर डॉक्टरांनी विचारला, शेजाऱ्यांनी विचारला, आणि आमच्या विभागातल्या एका सद्गृहस्थांनी चहाचा घोट घेता घेता विचारला. त्या सर्वांना मी जे उत्तर दिले तेच येथे देते: तुम्हाला न्यूमोनिया झाला, तेव्हा तुमच्या तोंडावर कोण खोकले होते याची चौकशी मी केली नव्हती.

एकवीस वर्षांत एकत्र घ्यायच्या दोन-तीन गोळ्यांच्या अशा सात जोड्या झाल्या. प्रत्येक जोडी काही वर्षे चालली आणि मग विषाणूने तिच्यातून वाट काढली. गेली दोन वर्षे कोणतीच जोडी चालत नव्हती. शरीराचे रक्षण करणाऱ्या ज्या पेशी निरोगी माणसाच्या एक घनमिलिमीटर रक्तात आठशे-हजार असाव्यात, त्या त्याच्यात एकशे दहा उरल्या होत्या. डॉक्टरांनी हात टेकले होते. राहिले होते ते एकच नवे औषध, आणि त्याच्या चाचणीचे हे पत्र.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्याने ते दोनदा वाचले आणि माझ्याकडे सरकवले.

“ताई, हे तुझ्या भाषेतलं आहे. पास झालो की नापास?”

“नापास. फार चांगले गुण मिळाले म्हणून नापास.”

“शाळेत असं एकदाही झालं नाही बघ.”

मी हसले नाही. सात जोड्यांना पुरून उरलेला विषाणू एका रात्रीत सज्जन होत नाही. मी त्याला विचारले, “गोळ्या घेतोयस ना?”

तो खिशातला स्क्रूड्रायव्हर काढून बोटांत फिरवू लागला. लहानपणी काच फोडल्यावरही तो असाच हाताला काहीतरी चाळा शोधत असे.

“बंद केल्या होत्या. आठ आठवडे.”

“कुणाला विचारून?”

“अगं, विचारायचं काय त्यात? नवा ब्रेक तपासायचा तर जुना सोडवून ठेवतात. दोन्ही लावून ठेवले, तर लिफ्ट कुणी थांबवली ते कळणार कसं? म्हटलं, नव्या औषधाला मोकळं मैदान द्यावं. शिवाय त्या गोळ्या चालत तर नव्हत्याच, नुसतं पोट बिघडवत होत्या.”

“तू लिफ्ट नाहीस.”

“माहीत आहे. लिफ्टची वर्षातून एकदा सक्तीने तपासणी होते.”

त्याच्या तर्कात मला कोठेही चूक सापडली नाही आणि म्हणूनच मला त्याचा अधिक राग आला. प्रामाणिक कारागिराने आपल्या धंद्यातली शहाणपणाची गोष्ट केली होती, आणि तिनेच त्याच्यापुढचा रस्ता बंद झाला होता.

ते औषध जिथे जन्मले ती प्रयोगशाळा आमच्या हस्तलिखित विभागासमोर, रस्त्याच्या पलीकडच्या इमारतीत आहे. तिच्या प्रमुख बाईंना माझा भाऊ ‘कवचवाली’ म्हणतो. दीड वर्षापूर्वी त्या तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यांच्या मध्ये लिफ्टमध्ये अडकल्या होत्या आणि हा त्यांना सोडवायला गेला होता. चाळीस मिनिटे लागली. घाबरलेल्या माणसाला बोलते ठेवावे, हा त्याच्या धंद्यातला नियम आहे. म्हणून त्याने दाराच्या फटीतून विचारले, मॅडम, तुम्ही काम काय करता? त्यांनी सांगितले की विषाणूच्या कवचात अडकणारे औषध बनवते. कोणता विषाणू? त्यांनी तेही सांगितले. यावर हा फटीतून म्हणाला, “काय सांगता! तो माझ्याकडे आहे.” चाचणीसाठी अर्ज करायला त्यांनीच त्याला सांगितले होते.

पत्र घेऊन मी दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्याकडे गेले. पन्नाशीच्या, बुटक्या, केस बारीक कापलेल्या बाई. त्यांनी पत्र वाचले, चष्मा काढला आणि विचारले, “किती दिवस बंद होत्या गोळ्या?”

“आठ आठवडे.”

“अरे देवा.” त्यांनी एक खुर्ची पुढे सरकवली. “प्राध्यापकबाई, तुम्ही बसा. रागावण्याआधी एक गोष्ट बघून घ्या. मग आपण दोघी मिळून रागावू.”

त्यांनी कपाटावरून कागदाचा एक शंकू उतरवला. हातभर लांब, एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला निमुळता, दोन्ही टोकांना गोलाई देऊन बंद केलेला. सगळा षटकोनी तुकड्यांचा. मध्ये मध्ये काही तुकडे पंचकोनी आणि तांबड्या रंगाचे.

“हे विषाणूचं कवच. याच्या आत त्याची संहिता असते. साडेनऊ हजारांच्या वर अक्षरं. आता हे तांबडे मोजा.”

मी मोजले. रुंद टोकाला सात, निमुळत्या टोकाला पाच.

“बारा,” मी म्हटले.

“नेहमी बारा. षटकोनी तुकडे दोनशे असोत, अडीचशे असोत. कवच बंद व्हायचं असेल तर पंचकोनी बाराच लागतात. अकरा लावलेत तर तोंड उघडं राहतं. तेरा लावलेत तर ते चुरगळतं. गणितात हे सिद्ध करायला माणसाला किती शतकं लागली, ते तुम्हाला ठाऊक असेल. हा कुणाला न विचारता करतो. एकाच प्रथिनाच्या हजार-पंधराशे प्रती पेशीच्या काठाशी तरंगत असतात, एकमेकींना चिकटतात, आणि बारा ठिकाणी, बरोबर बाराच ठिकाणी, सहांऐवजी पाच जमतात.”

माझ्या हातात कागद होता, हे मला माहीत होते. तरीही तो शंकू मी टेबलावर ठेवला तो दोन्ही हातांनी. माझ्या भावाला एकवीस वर्षे खात असलेल्या वस्तूबद्दल मला जे वाटले त्याला आदराखेरीज दुसरा शब्द सापडला नाही, आणि तो सापडल्याची मला लाज वाटली.

“आणि तुमचं औषध?”

त्यांनी दोन षटकोन जिथे एकमेकांना भिडतात त्या खाचेवर नख ठेवले. “इथे. या फटीत मावेल एवढी एक पाचर. आम्ही अकरा वर्षं तीच घडवत होतो. चार हजारांवर रेणू करून पाहिले. काही बसायचेच नाहीत, काही बसून गळून पडायचे, एक अगदी चपखल बसला आणि उंदराच्या यकृताने त्याचा तासाभरात फडशा पाडला. सगळ्या बाटल्या ठेवल्यात मी, मागच्या खोलीतल्या फ्रीजमध्ये. शेवटचा बसला तो असा की सहा महिन्यांतून एकदा टोचला तरी पुरतो. ही पाचर बसली की तुकडे जमतात, पण भलत्याच ठिकाणी पंचकोन करून ठेवतात. कवच वेडंवाकडं होतं. आतली संहिता फुकट जाते.”

“विषाणू यातूनही वाट काढेल.”

“काढलीच आहे. काचेच्या भांड्यात मीच त्याला काढायला लावली. पण ती खाच बदलली की त्याचं स्वतःचं कवच नीट बंद होत नाही. सुटतो, पण लंगडत. त्याला लंगडत ठेवून सोबत दुसरं एखादं औषध मारा करत राहिलं पाहिजे. औषधाला कधी एकटं पाठवायचं नसतं.”

मग त्यांनी पत्राकडे बोट दाखवले आणि विषाणूबद्दलची उरलेली गोष्ट सांगितली. उपचार नसलेल्या माणसाच्या शरीरात त्याच्या रोज हजार कोटी प्रती निघतात. नक्कल करणारे यंत्र निष्काळजी आहे. दर तीन-चार प्रतींमागे त्याच्याकडून एक अक्षर चुकते. साडेनऊ हजार अक्षरांत जितक्या चुका होणे शक्य आहे, तितक्या सगळ्या रोज कोठे ना कोठे होऊन जातात. त्यांतल्या बहुतेक त्याला मारक ठरतात. एखादी चूक मात्र अशी निघते की औषध तिच्यावर घसरते. औषध चालू असेपर्यंत तिचे राज्य. पण अशी चुकीची प्रत जरा संथ असते. औषध थांबले की मूळची चपळ प्रत पुन्हा उसळी घेते आणि आठ आठवड्यांत रक्त तिनेच भरून जाते. त्या वेळी रक्त तपासले, तर विषाणू शुद्ध दिसतो. औषध पुन्हा सुरू झाले की चार आठवड्यांत जुन्या चुका हजर.

“पण मूळची प्रत परत आली कुठून? ती तर वीस वर्षांपूर्वी संपली होती,” मी विचारले, आणि विचारताना उत्तर माझ्यासमोर उभे राहिले. माझा सारा जन्म या एका प्रश्नात गेला आहे. एखाद्या ग्रंथाची चाळीस अशुद्ध हस्तलिखिते सापडतात, आणि मग सगळ्यांत उशिरा लिहिलेली एक प्रत निघते ती स्वच्छ. नवशिका संशोधक आनंदाने उडी मारतो आणि म्हणतो, ग्रंथ सुधारला. ग्रंथ सुधारत नसतात. कोणा लेखनिकाच्या हाती फार जुनी प्रत लागलेली असते, एवढाच त्याचा अर्थ. आणि त्या एका स्वच्छ प्रतीमुळे बाकीच्या चाळीस जळून गेल्या असे होत नाही.

“कुठेतरी सगळ्या ठेवलेल्या आहेत,” मी म्हटले. “जुनी प्रतही आणि नंतरच्याही.”

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. “काही पेशी झोपी जातात. वर्षानुवर्षं. ज्या दिवशी त्या झोपल्या त्या दिवसाची प्रत त्यांच्या पोटात तशीच राहते. एक अक्षर बदलत नाही.”

“मग हे समितीला माहीत नाही?”

“समितीतल्या प्रत्येकाला माहीत आहे. नियमाला माहीत नाही. नियम म्हणतो, तीन महिन्यांच्या आतला रक्ताचा अहवाल. आणि दुसरीही अडचण आहे.” त्यांनी संगणकावर भावाची फाईल उघडली. सात जोड्या, सात डॉक्टर, आणि सातही जणांच्या हाताखालून गेलेले एकच वाक्य: रुग्ण औषधे नियमितपणे घेत नाही. “असा शेरा असलेल्या माणसाला घ्यायला समिती आधीच नाखूश असते.”

ते वाक्य मी पूर्वी पाहिलेले नव्हते. माझा भाऊ रोज सकाळी घड्याळाच्या गजरावर गोळी घेतो. गजर होतो तेव्हा तो लिफ्टच्या खड्ड्यात उतरलेला असेल, तर तेथेच कोरडी गिळतो. आईच्या अंत्ययात्रेत तो दोन मिनिटे मागे राहिला होता, ते का, हे केवळ मला ठाऊक आहे. सात लेखनिकांनी एकमेकांची नक्कल केली होती. पहिल्याने चूक केली. उरलेल्या सहांनी ती विश्वासूपणे उतरवून घेतली.

“त्याच्या झोपलेल्या पेशी तुम्ही वाचू शकाल?”

“वाचू शकेन. तीन आठवडे लागतील. तोवर तुम्ही त्याचे जुने कागद शोधा. आपल्याला दोन साक्षीदार हवेत, एक आतला आणि एक बाहेरचा.”

पहिली नऊ वर्षे तो ज्या रुग्णालयात जात असे तेथले जुने कागद आता तळघरात आहेत. रेकॉर्ड सांभाळणारे कारकून निवृत्तीला टेकलेले गृहस्थ होते. त्यांनी माझा अर्ज वाचला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले.

“बाई, इथे आजवर दोनच प्रकारची माणसं आली. वकील आणि उंदीर. तुम्ही कोण?”

“बहीण.”

“मग या आत. पायाखाली बघा.”

दोन दिवस आम्ही गठ्ठे सोडले. भावाचे कार्ड दुसऱ्या दिवशी दुपारी सापडले. पिवळे, चार घड्या पडलेले. महिन्यामहिन्याला गोळ्या दिल्याची नोंद आणि तारीख. आणि चार निरनिराळ्या वेळी निळा शिक्का: साठा नाही, पुढील आठवड्यात यावे. पुढील आठवड्यात तो गेल्याचीही नोंद होती, आणि तेथे पुन्हा तोच शिक्का. एकदा सलग पाच आठवडे.

“हे शिक्के कोण मारायचं?” मी विचारले.

“मीच,” कारकून म्हणाले. “रांग दारापर्यंत असायची. शिक्का मारला की लोक निमूट जायचे. भांडायचे नाहीत, हेच वाईट वाटायचं.” त्यांनी कार्ड हातात घेऊन उजेडात धरले. “हा लिफ्टवाला ना? एकदा म्हणाला होता, साहेब, शिक्क्याची शाई तेवढी कधी संपत नाही तुमची.”

त्यांनी न मागता सगळ्या पानांच्या सहीशिक्क्याच्या प्रती काढून दिल्या.

तीन आठवड्यांनी कवचवालींनी मला बोलावले. प्रयोगशाळेतल्या लांब टेबलावर त्यांनी छत्तीस कागदी पट्ट्या एकाखाली एक मांडल्या होत्या. छत्तीस झोपलेल्या पेशी, प्रत्येकीच्या पोटातली एक प्रत. जिथे अक्षर बदललेले तिथे तांबडी खूण. त्यांनी त्या कोणत्याच क्रमाने लावल्या नव्हत्या.

“लावा तुम्ही,” त्या म्हणाल्या. “हे तुमचं काम आहे.”

मी उभी राहून त्या पट्ट्या लावू लागले. ज्यांत एकही खूण नाही अशा चार. त्या सर्वांत वर. ज्यांत एकाच जागी खूण, अशा नऊ. तीच खूण आणि शिवाय आणखी एक, अशा सहा. मग तीन, मग पाच, मग नऊ. प्रत्येक थरात मागच्या थराच्या चुका जशाच्या तशा आणि वर स्वतःची नवी भर. तासाभरात टेबलावर एक वंशवृक्ष उभा राहिला. तीस वर्षांत इतका निर्दोष वृक्ष मला एकदाही लाभला नव्हता. माणसांनी लिहिलेल्या हस्तलिखितांत कोणीतरी शहाणा मध्येच सुधारणा करून ठेवतो. येथे शहाणा कोणी नव्हता. जे घडले तेच, घडले त्या क्रमाने, माझ्या भावाच्या हाडांच्या पोकळीत आणि मानेच्या गाठींत, तो खड्ड्यात उतरून तेल घालत असताना, झोपेत असताना, आईला खांदा देत असताना लिहिले गेले होते आणि जपले गेले होते.

“ही पहिली खूण कशाची?” मी नऊ पट्ट्यांवर बोट ठेवले.

“त्याच्या पहिल्या जोडीत तीन गोळ्या होत्या. त्यातल्या दोन शरीरातून दिवसभरात निघून जातात. तिसरी दोन-तीन आठवडे रेंगाळते. ही खूण त्या तिसरीविरुद्धची आहे, आणि फक्त तिसरीविरुद्धची.” त्यांनी नऊही पट्ट्यांवरून बोट फिरवले. “म्हणजे तिन्ही एकदम थांबल्या होत्या, आणि मागे ती एकटी राहिली. त्या दोन-तीन आठवड्यांत विषाणूला एकाच औषधाशी झुंजायचं होतं.”

मी पर्समधून पिवळ्या कार्डाची प्रत काढली. पाच आठवड्यांचे शिक्के तिसऱ्या वर्षी जून आणि जुलैत होते. ही खूण असलेला पहिला रक्त-अहवाल त्याच वर्षीच्या ऑक्टोबरचा होता. दुसऱ्या जोडीबाबतही तेच. आम्ही दोघी टेबलाच्या दोन बाजूंना उभ्या होतो. फाईलमध्ये सात सुशिक्षितांनी खोटे लिहून ठेवले होते. आणि ज्याला मेंदू नाही, डोळे नाहीत, ज्याला जिवंत म्हणावे की नाही यावर अजून एकमत नाही, त्या वस्तूने खरे लिहून ठेवले होते.

समितीची बैठक मंगळवारी सकाळी अकराला होती. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, नऊ सदस्य. अध्यक्ष मृदू स्वभावाचे, सतत स्मित करणारे गृहस्थ. भाऊ माझ्या शेजारी बसला होता. कवचवालींनी पट्ट्या दाखवल्या, मी कार्ड दाखवले. अध्यक्षांनी सर्व शांतपणे ऐकून घेतले.

“अत्यंत प्रभावी मांडणी,” ते म्हणाले. “पण आमचे नियम रुग्णाच्या हितासाठीच असतात.”

“तुमच्या पत्रावरून ते ध्यानात आले,” मी म्हटले. “अभिनंदनाबद्दल आभार मानायचे राहूनच गेले.”

त्यांचे स्मित किंचित आखडले. ते भावाकडे वळले. “शिक्क्यांचं समजलं. पण या वेळी तर साठा होता. आठ आठवडे गोळ्या तुम्ही स्वतः बंद केल्या, बरोबर?”

मला भीती होती ती याच प्रश्नाची. भावाने खुर्चीत सावरून बसत सांगितले, “बरोबर आहे, साहेब. चुकलं माझं. मला वाटलं, नवा ब्रेक तपासताना जुना सोडायचा असतो.”

“म्हणजे?”

त्याने समजावून सांगितले. हाताने केबल दाखवली, ब्रेकच्या पाट्या दाखवल्या, वजन दाखवले. नऊपैकी सहा जण पुढे झुकून ऐकू लागले. त्याचे संपल्यावर कोपऱ्यात बसलेल्या संख्याशास्त्रज्ञ बाई म्हणाल्या, “पण हा विचार बरोबर आहे. आपणही एका वेळी एकच गोष्ट बदलतो. फक्त आपण जुना ब्रेक सोडत नाही. तो निकामी आहे याची खात्री करून तसाच ठेवतो.”

“हे मला आधी कुणी सांगितलं असतं, तर मी हातही लावला नसता,” भाऊ म्हणाला. “फॉर्म बावीस पानांचा आहे साहेब. सही कुठे करायची ते सतरा ठिकाणी लिहिलंय. गोळ्या चालू ठेवा, हे एकाही ठिकाणी नाही.”

कोणीतरी फॉर्म मागवला. बावीस पाने उलटली गेली. अध्यक्षांचे स्मित आता पुरते मावळले होते, आणि त्याविना त्यांचा चेहरा प्रथमच एखाद्या विचार करणाऱ्या माणसाचा दिसला.

“नाही लिहिलेलं,” ते म्हणाले. मग फॉर्म मिटून ठेवत, “प्राध्यापकबाई, हा दोष माझा आहे. मसुदा माझा होता.”

या उत्तराची मी तयारी केली नव्हती. मी योजलेली सगळी धारदार वाक्ये तशीच राहिली.

नियम त्याच बैठकीत बदलला: सध्याच्या रक्तात, किंवा पूर्वीच्या अहवालांत, किंवा पेशींत आढळलेला प्रतिरोध ग्राह्य धरावा. भावाला प्रवेश मिळाला, एका अटीवर. त्याने निकामी गोळ्या पुन्हा सुरू करायच्या, सहा आठवडे घ्यायच्या, आणि जुना प्रतिरोधी विषाणू रक्तात परत आला की मगच टोचणी. त्याने त्या घेतल्या. पोट बिघडले, वजन चार किलोंनी उतरले, एकदा जिन्यात चक्कर आली. सहाव्या आठवड्यात अहवाल आला: एक मिलिलिटर रक्तात विषाणूच्या एकाहत्तर हजार प्रती, सर्व जुन्या चुकांसह. “आले बघ सगळे पाहुणे परत,” तो म्हणाला.

टोचणी पोटाच्या कातडीखाली, नाभीच्या दोन्ही बाजूंना. पुढचे चौदा दिवस त्या निकामी गोळ्यांखेरीज दुसरे काही नाही. शिवाय तिघांपैकी एकाला या चौदा दिवसांत नुसतेच पाणी मिळणार होते आणि खरे औषध त्यानंतर. कोणाला काय टोचले, हे टोचणाऱ्यालाही माहीत नव्हते. ते चौदा दिवस मी एका हस्तलिखिताचे एकच पान वाचत काढले. भाऊ दोन नव्या इमारतींत लिफ्ट बसवत होता.

पंधराव्या दिवशी रक्त घेतले गेले, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही चाचणीच्या डॉक्टरांसमोर बसलो. तरुण बाई, भराभर बोलणाऱ्या. त्यांनी कागद पाहिला, खाली ठेवला, पुन्हा उचलला.

“नऊशे चाळीस,” त्या म्हणाल्या.

“हजार?” भावाने विचारले.

“नाही. नऊशे चाळीस. नुसते.”

माझ्या डोळ्यांसमोर तो कागदाचा शंकू आला, आणि मग न मोजता येण्याइतके शंकू; त्याच्या अंगात या क्षणी जुळणारे, वाकडे होणारे, तोंड उघडे राहिलेले. अकरा वर्षे खपून घडवलेली पाचर, डोळ्यांना कधीही न दिसणाऱ्या त्या फटीत, कोट्यवधी वेळा, न चुकता जाऊन बसली होती. मी मान खाली घातली. आयुष्यात मी फार थोड्या गोष्टींपुढे ती घातली आहे.

निकाल कवचवालींना कळवण्याची डॉक्टरांना परवानगी नव्हती; औषध ज्यांचे, त्यांना आकडे शेवटी मिळतात. रुग्णाने कोणाला काय सांगावे यावर मात्र बंदी नव्हती. भावाने तेथेच फोन लावला.

“मॅडम, नऊशे चाळीस.”

पलीकडून अगदी बारीक आवाज आला, “परत सांगा.”

त्याने परत सांगितले. तिसऱ्यांदाही सांगावे लागले.

डॉक्टर पुढचे समजावून देत होत्या. आता सोबत एक नवी गोळी जोडायची. ती रोज घ्यायची, चुकवायची नाही. सहा महिन्यांनी पुन्हा टोचणी. हा आकडा आणखी उतरायला हवा, आणि उतरला तरी लक्ष ठेवावे लागेल, कायम. भाऊ मान डोलावत होता. त्यांचे संपल्यावर त्याने विचारले, “डॉक्टर, एक विचारू? खालच्या चार दाढा पडल्यात माझ्या. नवे दात बसवायचे दोन वर्षं राहिलेत. म्हटलं, उगाच कशाला.”

“बसवा की. बसवून घ्या.”

“किती वर्षं टिकतात ते?”

“नीट बसवले तर पंधरा-वीस वर्षं.”

त्याने जिभेने त्या रिकाम्या जागा चाचपल्या. गाल एका बाजूने फुगला, मग सपाट झाला.

“मग चांगल्यातले बसवतो,” तो म्हणाला.